मळवलीचा जॅक

याकोब कोंडाजी आढाव हे नाव मळवलीत अख्खं असं कुणीच घेत नसे. गावात तो याकू होता. लोणावळ्याच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत याकोबभाऊ. ज्या बंगल्याचा तो माळी आणि रखवालदार होता तिथले शेठ त्याला 'माली' म्हणत, आणि शेठाणी तर लांबूनच टाळी वाजवीत. इतक्या हाका असून माणूस मात्र एकच होता, आणि तो समाधानी आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

माझे यजमान त्या मंडळीचे पाळक होते. मी रविवारी उपासनेत पेटी वाजवायचे आणि इतर दिवशी यजमानांचे उपदेश लांबू नयेत म्हणून प्रयत्न करायचे. पेटी बरी जमायची.

याकोबचा बाप कोंडाजी नगरकडचा. एका गोऱ्या साहेबाची बाग राखायला म्हणून तो मळवलीला आला. साहेब आपल्या देशी निघून गेला, बाग शेठनी विकत घेतली, आणि बागेबरोबर कोंडाजीही शेठकडे आला. त्याच्यामागे याकोब. धोतर, सदरा, पांढरी टोपी, ओठांवर उतरलेल्या जाड मिशा आणि बोटांना कायम शेणखताचा वास. त्याची बायको लीलाबाई नऊवारी लुगडं नेसायची. कपाळ तेवढं मोकळं. रस्त्यानं दोघं चालली तर मावळातल्या कुठल्याही जोडप्यासारखी दिसत, आणि तशी ती होतीही.

पण ह्या दिसण्याचीच पंचाईत होती. गावात कुणी नवखा आला की विचारायचा, "तुमी सायबाच्या धर्माचं ना? मग सायबावानी का न्हाई दिसत?" आणि बंगल्यावर मुंबईची पाहुणेमंडळी आली की त्यांच्यातलं कुणीतरी म्हणायचं, "ख्रिश्चन? खरंच? वाटत नाही हो." याकोब दोघांनाही हसून वाटेला लावायचा आणि पुन्हा गुलाबांच्या आळ्यांकडे वळायचा.

अडुसष्ट सालच्या दिवाळीनंतर, भात कापून खळ्यावर आलं असताना, बंगल्यावर सिनेमावाले उतरले. आठ दिवसांत त्यांनी हिरवळीवर एक चर्च उभं केलं. पुढून बघावं तर रंगीत काचा, टोकदार मनोरा, वर क्रूस. मागं गेलं की बांबू, सुतळी, गोणपाट आणि विड्या ओढत बसलेले सुतार. बंगल्यावर दूध घालणारा हौशीराम हा याकोबचा लहानपणापासूनचा दोस्त. तो किटली खाली ठेवून ते बराच वेळ बघत राहिला.

"याकू," तो म्हणाला, "तुझा देव लय घाईत दिसतोय. पाया न घालताच देऊळ बांधलं की रं."

संध्याकाळी कंपनीचा व्यवस्थापक याकोबला शोधत आला. उन्ह कलल्यावरही त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता.

"उद्या लग्नाचा सीन आहे. चाळीस ख्रिश्चन पाहिजेत. इकडे कुठे मिळतात?" कोथिंबिरीच्या जुड्या विचाराव्यात तसं त्यानं विचारलं.

"मिळत्यात की," याकोब म्हणाला. "मीच हाय."

"तू माळी आहेस."

"माळी बी हाय."

व्यवस्थापकाला हे फारसं पटलं नाही, पण गरज होती. याकोब संध्याकाळच्याच गाडीनं लोणावळ्याला आला आणि घरोघर निरोप देत फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची सगळी मंडळी मळवलीला उतरली. पुरुष परीटघडीची धोतरं, बंद गळ्याचे कोट नि टोप्या घालून. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, केसांत अबोली माळून. मी लग्नातलं इरकली काढलं होतं. माझ्या यजमानांनी छत्रीसुद्धा पुसून घेतली होती.

व्यवस्थापक आम्हाला बघून वैतागला. "गावकऱ्यांची गर्दी दुपारनंतर लागणार आहे. तुम्हाला आत्ता कुणी बोलावलं? ख्रिश्चन कुठे आहेत?"

"आम्हीच," यजमान पुढे होऊन म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"मी पाळक. पाद्री म्हणा हवं तर."

त्यानं त्यांच्याकडे टोपीपासून वहाणांपर्यंत पाहिलं. "पाद्री आमचा आहे. मुंबईहून आणलाय."

आणि खरोखरच तंबूच्या सावलीत पांढऱ्या झग्यातला, गळ्यात वीतभर क्रूस घातलेला एक गोरापान पाद्री बसला होता. तो नट मूळचा वाईचा, तुळशीची माळ घालणारा; अंड्याचा म्हणून केकसुद्धा त्यानं परत पाठवला होता. माणूस मोठा गोड निघाला. आशीर्वाद देताना हात कसा धरायचा, हे त्यानं माझ्या यजमानांकडून नीट समजून घेतलं. इतका मन लावून ऐकणारा श्रोता यजमानांना मंडळीत कधी लाभला नव्हता. ते त्या दिवशी फार खूश होते.

दिग्दर्शकानं आमचा प्रश्न एका वाक्यात निकालात काढला. "अहो, असून काय उपयोग? दिसायला पाहिजेत! पब्लिकला बघताक्षणी कळलं पाहिजे."

थोड्याच वेळात मुंबईहून एक बस आली. तिच्यातून फ्रॉक, हॅटी आणि उंच टाचांचे बूट घातलेले ख्रिस्ती उतरले. त्यांतल्या एकीला मी कौतुकानं विचारलं, तुमची मंडळी कोणती. तर ती म्हणाली, आमची नाटकमंडळी. आम्हा खऱ्यांना मग बाजारातली गर्दी करण्यात आलं. मी दिवसभर भेंडी विकली. माझे यजमान, विधिपूर्वक दीक्षा झालेले पाळक, एक जिवंत कोंबडी काखेत धरून उभे राहिले. कोंबडीनं त्यांना चांगलं वागवलं नाही.

याकोबचं नशीब मात्र तेवढ्यात फिरलं. दिग्दर्शकाची नजर त्याच्या मिशांवर गेली. "हा चालेल! ह्याला कोट चढवा."

सिनेमात जॅक नावाचा एक म्हातारा दारुडा होता. चर्चच्या दारात बसायचं, नायक लग्न करून बाहेर आला की बाटली उंच करायची आणि ओरडायचं, "गॉड ब्लेस यू, मॅन!" एवढंच काम. आता याकोब म्हणजे दारूच्या थेंबालाही न शिवलेला माणूस. गावातल्या दोघातिघांची त्यानं पाय धरून सोडवलीही होती. कोट घालून, बाटली घेऊन तो बाजाराच्या गर्दीत यजमानांकडे आला.

"पाळकसाहेब, करू का?"

"बाटलीत काय आहे?"

"कोरा चहा."

"मग करा," यजमान म्हणाले. कोंबडी सांभाळण्याच्या नादात त्यांनी फार विचार केला नाही.

त्या कामापेक्षा मला लक्षात राहिलाय तो त्याआधीचा एक क्षण. रंगभूषा करणाऱ्यानं याकोबच्या डोक्यावर करडी हॅट ठेवली आणि आरसा पुढे धरला. याकोब त्या आरशात बघतच राहिला. रंगभूषावाला दुसऱ्याकडे गेला, परत आला, तरी हा तिथंच.

सिनेमावाले गेले. चर्च गुंडाळून ट्रकवर चढलं. कोटाचं अस्तर फाटलं होतं, म्हणून कपडेवाल्यानं कोट नि हॅट याकोबलाच देऊन टाकली. आणि मळवलीत जॅक राहायला आला.

सुरुवात शेठच्या धाकट्या मुलानं केली. दर शनिवारी तो मित्रमैत्रिणींना घेऊन यायचा. "हा आमचा जॅक. फिल्ममध्ये काम केलंय त्यानं. जॅक, बोल रे!" याकोबनं हॅट उंच करून वाक्य म्हटलं की टाळ्या पडत. पोरी त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेत. बापाच्या वेळेपासून ज्या घरानं बंगल्याची पायरी ओलांडली नव्हती, त्या घरचा याकोब व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसू लागला. कुणी त्याच्या हातात रिकामी बाटली द्यायचं, मग तो तोल गेल्यासारखा चालून दाखवायचा. हसून हसून लोकांची पोटं दुखायची.

घरी त्याचा निभाव एवढा सहज लागला नाही. एका सकाळी तो दारातून म्हणाला, "लीला, माय डिअर, चा आन."

"दीर?" लीलाबाई चुलीपासून म्हणाली. "मला कुटला दीर? तुमी तर एकलेच हाय. आन् वाफ्यातलं गवत कोन काढनार, तुमचा दीर?"

पुढच्या रविवारी तो हॅट घालूनच उपासनेला आला. मागच्या बाकावरच्यांना पाळक दिसेनात. त्यांची काही तक्रार नव्हती. उपासना संपल्यावर सगळे 'सलाम' करून हात मिळवत होते, तर हा म्हणाला, "गुड मॉर्निंग, फादर."

"याकोबभाऊ," यजमान म्हणाले, "मी चार मुलांचा फादर आहे. त्यांत तुमचं नाव मला आठवत नाही."

सगळे हसले. याकोबही हसला, पण हॅट काढली नाही. हळूहळू तो 'याकू' म्हटल्यावर ओ देईनासा झाला. हौशीरामला हे जास्त लागलं. हौशीरामचं सगळं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. तो एकदा किटली घेऊन त्याच्यासमोर उभाच राहिला.

"आमी छप्पन सालात धर्म बदलला, तरी टोपी तीच ठिवली. तू टोपी बदलून धर्म इसरतोस का काय?"

"इसरतोय कुटं? उलट आता कुटं लोकान्ला कळतंय, मी ख्रिस्ती हाय म्हनून."

"ख्रिस्ती हाय म्हनून का प्यालेला हाय म्हनून?" हौशीराम म्हणाला नि दूध घालून निघून गेला.

हे कानावर आल्यावर मी मळवलीला गेले. समजावून सांगायचं असं ठरवूनच गेले होते, चार वाक्यं तयारही केली होती. याकोब गुलाबाच्या फांद्या छाटत होता, कोट घालूनच. माझी पहिली दोन वाक्यं त्यानं ऐकून घेतली.

"पाळकीणबाई," तो म्हणाला, "रागावू नका. माजी पन्नाशी उलटली. गाववाले म्हनायचे, तू सायबाचा. सायेबलोक म्हनायचे, तू गावचा. मी मनात म्हनायचो, आरं, मी हाय तरी कुनाचा? ह्या कोटात एका नजरेत वळखत्यात. बरं वाटतं वो. लय बरं वाटतं."

उरलेली दोन वाक्यं मी तशीच परत आणली. त्याच्याजवळ बसून मी लीलाबाईच्या हातचा चहा प्यायले, आणि येताना गुलाबाची दोन कलमं घेऊन आले.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्याची आई रतनबाई तापानं पडली. ती सत्तरीच्या पुढची, दोन्ही डोळ्यांनी अधू. वाचायला कधी शिकली नव्हती, पण शास्त्रातल्या गोष्टी ऐकून ऐकून अशा पाठ, की यजमान उपदेशात एखादं नाव चुकले तर पहिल्या बाकावरून दुरुस्ती यायची. रविवारी दुपारी उपासना आटोपून आम्ही दोघं तिला बघायला गेलो. बंगल्याच्या मागच्या खोलीत ती वाकळ पांघरून पडली होती. पुढे व्हरांड्यात पाहुण्यांचा हशा चालला होता.

"याकोबला बोलवा," ती म्हणाली. "लय घाबरं होतंय."

लीलाबाई धावत जाऊन त्याला घेऊन आली. तो तसाच आला, कोट-हॅटीसकट. पाहुण्यांपैकी कुणीतरी गमतीनं त्याच्या कोटावर खरी दारू ओतली होती. खोलीभर वास पसरला. तो आईच्या उशाशी बसला आणि तिचा हात हातात घेतला.

रतनबाईनं हात काढून घेतला. तिची बोटं कोटाच्या बाहीवरून वर गेली, खांद्यावरून हॅटीच्या काठापर्यंत पोचली, आणि थांबली.

"ह्यो कोन?"

"मी हाय, आई."

"आवाज तर माज्या लेकाचा हाय," ती म्हणाली. "पर कापड दुसऱ्याचं. वास बी दुसऱ्याचाच."

"आई, मीच हाय गं."

"अशानंच आंधळ्या इसहाकाला त्याच्या लेकानं फसवलं. भावाची कापडं घालून गेला नि म्हनला, मी एसाव हाय." म्हातारीला धाप लागली होती, पण गोष्ट तिनं अर्धी सोडली नाही. "इसहाक फसला. तो बाप्या होता. मी न्हाई फसायची. खरं सांग, तुजं नाव काय?"

याकोबनं आमच्याकडे पाहिलं. यजमान काही बोलले नाहीत. त्यांच्या आयुष्यात असे प्रसंग थोडेच. याकोबनं हॅट काढून जमिनीवर ठेवली. मग कोट काढला आणि दाराबाहेर टाकला. आतल्या मळक्या सदऱ्यावर तो आईजवळ गुडघ्यांवर बसला.

"याकोब," तो म्हणाला. "याकोब कोंडाजी आढाव."

"आता कसं?" म्हातारीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुज्या बापानं बाप्तिस्म्याच्या पान्याजवळ उभं राहून तुला देवाच्या हाती दिला तवा ह्येच नाव घेतलं हुतं. देवाला ते ठावं हाय. दुसऱ्या नावानं त्यो हाक मारंल, म्हनून कान लावून बसशील, तर बसशील जलमभर. पानी दे."

तिनं पाणी प्यायलं, आशीर्वाद दिला, आणि आता आपण जाणार म्हणून डोळे मिटून घेतले. आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली. संध्याकाळी ताप उतरला. डोळे उघडून तिनं भाकरी मागितली, आणि नंतर तीन वर्षं ती जगली. त्या तीन वर्षांत "मरताना तुला नाव इचारावं लागलं" हे तिनं लेकाला किती वेळा ऐकवलं, ते लीलाबाईलाच माहीत.

पुढच्या रविवारी यजमानांनी ह्याच गोष्टीवर उपदेश केला. मूळ मुद्दा चांगला होता. ते म्हणाले, शास्त्रातल्या याकोबला नाव दोनदा विचारलं गेलं. पहिल्यांदा बापानं विचारलं, तेव्हा तो दुसऱ्याचा कपडा घालून खोटं बोलला. आशीर्वाद मिळाला, पण वीस वर्षं पळत राहावं लागलं. दुसऱ्यांदा नदीकाठी देवानंच विचारलं, तेव्हा त्यानं खरं नाव सांगितलं. जग आपल्याला विचारतं, तू कुणासारखा दिसतोस? आणि देव विचारतो, तू कोण? इथपर्यंत ठीक होतं. त्यानंतर ते मेंढरांकडे वळले, आणि एसावाच्या वंशावळीत शिरले. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो याकोब तिसऱ्या बाकावर आईच्या शेजारी गाढ झोपला होता. आठवडाभर आईच्या उशाशी बसून काढला होता त्यानं. मी यजमानांना खूण केली. ती त्यांना दिसली नाही.

खरी परीक्षा शनिवारी झाली. छोटे शेठ नव्या पाहुण्यांना घेऊन आले आणि व्हरांड्यातून ओरडले, "जॅक!"

याकोब धोतर-टोपीत पुढे आला. पायरीखालीच उभा राहिला.

"साहेब, जॅक मुंबईला गेला. मी याकोब. चहा आनू का?"

"अरे, नाटक पुरे. कोट कुठाय तुझा?"

"आईच्या वाकळंला लावला." ते खरंच होतं. कोट लोकरीचा, लीलाबाईनं सरळ कापून ठिगळं केली. म्हातारी म्हणायची, टोचतो. हॅटीत कोंबडी अंडी घालायला लागली होती.

छोट्या शेठचं तोंड उतरलं. नोकरी जाते की काय, अशी धास्ती लीलाबाईला दोन दिवस होती. पण शेठना गुलाब हवे होते आणि गुलाबांना याकोब. पाहुण्यांपैकी चष्मा लावलेल्या एका मुलीनं मात्र त्याला विचारलं, "तुम्ही खरंच ख्रिश्चन आहात? वाटत नाही."

"आमच्या मंडळीत या कधी," याकोब म्हणाला. "सगळेच तसे न वाटनारे हाईत."

वेताच्या खुर्चीत तो पुन्हा बसला नाही. त्याला वाईट वाटलं का? वाटलं असणार. एकदा खुर्चीजवळून जाताना त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवलेला मी पाहिला. पण 'याकू' म्हटल्यावर तो पुन्हा ओ देऊ लागला, आणि हौशीरामनं ती गोष्ट साजरी करण्यासाठी त्या दिवशी दुधात पाणी कमी घातलं, असं लीलाबाईचं म्हणणं.

सिनेमा पुढच्या वर्षी आला. आम्ही पंचवीसजण लोणावळ्याच्या टॉकीजला गेलो. चर्चच्या दारात हॅट दिसली, खाली मिशा असाव्यात असं वाटेपर्यंत नायक पुढे निघून गेला. भेंडी अजिबात दिसली नाही. कोंबडी दिसली.

पण नाताळचं सांगायचं राहिलं. त्या अडुसष्टच्या नाताळात आमची मंडळी गाणी म्हणत मळवलीला गेली, ती शेठच्या बंगल्यावरही गेली. दिवे लावून व्हरांड्यात पाहुणे बसले होते. छोटे शेठ म्हणाले, "एखादं इंग्लिश होऊ द्या!"

"इंग्लिश येत न्हाई," याकोब म्हणाला. त्यानं एकतारी खांद्याला लावली, हौशीरामला खूण केली. हौशीराम टाळ घेऊन आमच्यातच उभा होता. दोस्ताचा सण म्हणून दरवर्षी यायचा. मग याकोबनं बाळ येशूचं भजन सुरू केलं, कोंडाजीनं नगरकडून आणलेलं, ओवीच्या चालीवरचं. आवाज काही फार चांगला नव्हता. पहिल्या कडव्याला पाहुणे एकमेकांकडे बघून हसले. दुसऱ्याला चष्म्याची मुलगी खाली उतरून पायरीवर बसली. तिसऱ्याला शेठाणी आतून बाहेर आल्या, डोक्यावरचा पदर सारखा करून खांबाला टेकून उभ्या राहिल्या, आणि टाळ्या वाजवू लागल्या. ह्या वेळी बोलावण्यासाठी नव्हे, तालावर.

भजन संपल्यावर त्या म्हणाल्या, "याकोबभाई, पुन्हा एकदा म्हणा ने."

याकोब फुलून आला. त्यानं डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून आलाप घेतला, आणि तो इतका लांबला की लीलाबाई मागून कुजबुजली, "आवरा. पुढं अजून सा घरं हाईत, आन् करंज्या माज्या डोक्यावर हाईत."